सोसायटीत बोअर मारायचाय? गाडी बोलावण्याआधी हे वाचा

एप्रिल उजाडला की कमिटीच्या बैठकीत टँकरचं बिल वाचलं जातं आणि मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणतंच, “एकदाचा बोअर मारून टाका ना!” मारून टाकणं अवघड नाही. सकाळी आलेली ड्रिलिंगची गाडी खडक चांगला असेल तर संध्याकाळपर्यंत दीड-दोनशे फूट जाते. पैसे आणि मनस्ताप खर्च होतात ते त्याच्या आधी आणि नंतर. मी मुलुंड पूर्वेच्या एका जुन्या सोसायटीचं काम बघतो. आमच्याकडचा बोअर आज चालू आहे, आणि आता आजूबाजूच्या सोसायट्यांचे सेक्रेटरी विचारायला येतात. त्यांना जे तोंडी सांगतो, तेच इथे लिहून ठेवतोय.

एक गोष्ट सुरुवातीलाच. मुंबई पिते ते सात तलावांचं पाणी: विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा. १८६० च्या सुमारास विहारचं पाणी येईपर्यंत हे शहर विहिरी आणि तळ्यांवर जगत होतं. चर्चगेटजवळची १७२५ ची भिखा बेहराम विहीर समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही गोड्या पाण्याची आहे. म्हणजे जमिनीखाली पाणी आहे. पण तेव्हाची जमीन आणि आजची गटारं, भराव, गॅरेजं यांच्याखालची जमीन यात फरक आहे. म्हणून बोअरचं पाणी फ्लश, धुणी-भांडी, गाड्या आणि बागेसाठी, असंच धरून चाला. पिण्याचा प्रश्न खाली वेगळा घेतलाय.

१. आधी गरज मोजा

माणशी रोज १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचं प्रचलित प्रमाण. त्यातले ४५ लिटर फ्लशचे धरतात. साठ फ्लॅट, घरटी चार माणसं म्हटली तर फ्लशलाच रोज १०,८०० लिटर. हा आकडा हातात ठेवा. ताशी २,००० लिटर देणारा बोअर साडेपाच तासांत एवढं पाणी देतो. “चांगला तीन-चार हजारांचा बोअर पाहिजे” असं कोणी म्हणालं तर कशासाठी, हे विचारता येतं. एवढ्या फ्लशला ताशी दोन हजार पुरेसे आहेत, आणि त्याहून जास्त उपसा समुद्राजवळच्या जमिनीला झेपेलच असं नाही.

२. जुनी विहीर आहे का, शेजारी काय लागलंय

सोसायटी उभी राहण्याआधी तिथे वाडी, चाळ किंवा शेत असेल तर विहीर असण्याची शक्यता बरीच. सिटी सर्व्हेचा जुना नकाशा काढा, इमारतीतल्या सगळ्यात जुन्या रहिवाशाला विचारा. पार्किंगच्या लाद्यांखाली बुजवलेली रिंगवेल (कड्या रचून बांधलेली उथळ विहीर) निघाल्याचं मी पाहिलंय. दादर-माहीम-गिरगावसारख्या किनाऱ्यालगतच्या वाळूच्या पट्ट्यात तर उथळ रिंगवेलच खोल बोअरपेक्षा बरी, कारण गोडं पाणी वर तरंगतं आणि खाली खारं असतं. जुनी विहीर उपसताना मात्र माणूस असाच खाली उतरवू नका. तळाशी साचलेला वायू दिसत नाही आणि वासही येत नाही.

मग शेजारच्या आठ-दहा सोसायट्यांत फिरा आणि वहीत लिहा: खोली किती, केसिंग (वरची माती ढासळू नये म्हणून घातलेला पाइप) किती फूट गेली, पाणी कितव्या फुटाला लागलं, मे महिन्यात टिकतं का, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) किती. वॉचमनला विचारलंत तर सेक्रेटरीपेक्षा खरं उत्तर मिळतं, कारण पंप तोच चालू करतो. माझ्या मते या वहीची किंमत कुठल्याही सर्व्हेपेक्षा जास्त आहे.

३. जागा ठरवा

मुंबईखाली मुख्यतः काळा बसाल्ट आहे. हा दगड स्वतः पाणी धरत नाही. पाणी असतं ते त्याच्या भेगांत, सांध्यांत, वरच्या झिजलेल्या मुरमात आणि दोन लाव्हाथरांमधल्या सच्छिद्र पट्ट्यात. त्यामुळे एका बोअरला पाणी आणि पंधरा फुटांवरचा कोरडा, असं सर्रास होतं.

जागा दाखवायला दोन प्रकारची माणसं येतात. एक पाणाड्या, हातात नारळ किंवा फांदी घेऊन. आमच्या चेअरमनसाहेबांची श्रद्धा होती, म्हणून तोही येऊन गेला. चहा पिऊन त्याने दाखवलेली जागा थेट ड्रेनेजच्या चेंबरशेजारी निघाली. दुसरा भूजलतज्ज्ञ, विद्युत रोधकता मोजणारा. त्याचं शास्त्र खरं आहे, पण मुंबईत त्यालाही अडचण असते. खोलवरचं कळायला इलेक्ट्रोड दूरदूर रोवावे लागतात, आणि आपल्या आवारात तेवढी सरळ मोकळी जमीन नसते. वर पुरलेल्या केबल आणि लोखंडी पाइप रीडिंग बिघडवतात. म्हणून त्याचा अहवाल आणि आपली वही शेजारी ठेवून निर्णय घ्या. दोन्ही एकाच बाजूला बोट दाखवत असतील तर पुढे जा.

जागेला या अटी लावा:

- ड्रेनेज, सेप्टिक टँक, शोषखड्डा यांपासून निदान १५ मीटर, आणि जमिनीच्या उताराने त्यांच्या वरच्या अंगाला.
- इमारतीच्या पायापासून अंतर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या.
- गाडी आत येते का? गेटची रुंदी, वळण, वरच्या तारा आणि झाडाच्या फांद्या मोजा. गाडीवरचा मास्ट (ड्रिलिंगचा खांब) उभा राहिला की दोन मजल्यांहून उंच जातो.
- पुढे पंप वर काढायला जागा हवी. शेडखाली बोअर घेतलात तर दर दुरुस्तीला पत्रे उचकटा.
- खालून काय जातं? गॅसची पाइप, विजेची केबल, पालिकेची जलवाहिनी, मलवाहिनी. हाताने चार-पाच फुटांचा चाचणी खड्डा घेतल्याशिवाय मशीन लावू देऊ नका.

शेवटचा मुद्दा हलक्यात घेऊ नका. मुंबईच्या पोटात पाण्याचे बोगदे आहेत, मेट्रोही आहे. ठाण्यात एका बोअरच्या खोदकामाने मुंबईला पाणी आणणाऱ्या जलबोगद्याला गळती लागली. तिच्या दुरुस्तीसाठी ३१ मार्च २०२३ पासून महिनाभर मुंबईत १५ टक्के पाणीकपात झाली. तुमच्या भूखंडाखालून किंवा जवळून बोगदा जातो का, हे जल अभियंता खात्याला लेखी विचारा आणि उत्तर फाइलला लावा. भुयारी मेट्रोच्या मार्गालगत असाल तर तिकडेही.

४. कागदपत्रं

मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३८१अ प्रमाणे आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय नवी विहीर खोदता येत नाही. अर्जाची वाट वॉर्ड ऑफिसमधून, कीटकनाशक खात्याकडून जाते. विहिरीचा आणि डासांच्या खात्याचा काय संबंध, असं नवख्याला वाटतं. मलेरिया पसरवणारा ॲनोफिलिस स्टिफेन्सी डास उघड्या विहिरी आणि टाक्यांत वाढतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच कारणाने शहरातल्या कित्येक विहिरी बुजवल्या किंवा झाकल्या गेल्या. म्हणून झाकण डासाला फट न ठेवणारं हवं, ही अट कायम असते.

भूजल उपशाचा कारभार वेगळा. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एकट्यादुकट्या घराच्या घरगुती वापराला ना-हरकत लागत नाही. गृहनिर्माण संस्था त्या सवलतीत आपोआप बसत नाही. रोजची गरज २० घनमीटरच्या वर असेल तर सांडपाणी प्रक्रिया केंद्राची अटही येते. अर्ज ‘भू-नीर’ पोर्टलवर होतो. एप्रिल २०२५ मध्ये मुंबईत टँकरवाल्यांचा संप झाला तो याच ना-हरकतीच्या मुद्द्यावरून, त्यामुळे “इथे कोण विचारतंय” हा सल्ला कानाआड करा.

शिवाय महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ मध्ये ६० मीटरपेक्षा खोल विहीर ‘खोल विहीर’ धरली आहे आणि तिच्यासाठी वेगळ्या निर्बंधांची तरतूद आहे. ठेकेदार सहज म्हणतो ते “दोनशे फूट” म्हणजे ६१ मीटर. अर्जात लिहिलेली खोली आणि प्रत्यक्षातली खोली जुळवून ठेवा.

फाइलला हे सगळं लावा:

- सर्वसाधारण सभेचा ठराव (फक्त कमिटीचा पुरत नाही, खर्चावर पुढे हरकत येते)
- सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, मालमत्ता पत्रक, सिटी सर्व्हे नकाशा
- बोअरची जागा, इमारत, ड्रेनेज आणि टाक्या दाखवणारा आराखडा
- भूजलतज्ज्ञाचा अहवाल, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र
- पालिकेचं ताजं पाणी बिल आणि वर्षभराची टँकरची बिलं
- ड्रिलिंग एजन्सीचं नोंदणी प्रमाणपत्र

“परवानगी आम्हीच आणून देतो” म्हणणारा ठेकेदार भेटेलच. त्याला धावपळ करू द्या, पण अर्ज सोसायटीच्या नावाने, सही आपली, आणि मूळ कागद आपल्या कपाटात.

५. दर ठरवताना

दर फुटावर असतो: ड्रिलिंगचा वेगळा, केसिंगचा वेगळा, ठरावीक खोलीनंतर चढा. तीन कोटेशनं एकाच तक्त्यात मागवा, नाहीतर एकाच्या दरात केसिंग असते आणि दुसऱ्याच्या दरात नसते. सिमेंट सील, एअरने (कॉम्प्रेसरच्या हवेने) धुलाई, पंपिंग टेस्ट आणि चिखल उचलून नेणं या चार गोष्टी करारात स्वतंत्र ओळीत लिहून घ्या. न लिहिलेली गोष्ट होत नाही.

६. ड्रिलिंगचा दिवस

त्या दिवशी सुट्टी काढा आणि खुर्ची टाकून मशीनजवळ बसा. धूळ आणि आवाज भरपूर असतो. शेजारच्या इमारतींत आदल्या दिवशी नोटीस लावा. खडकाचा चुरा मिसळलेलं पाणी पर्जन्यवाहिनीत सोडायचं नाही. आधी खड्डा करून त्यात गाळ बसू द्या, गोणीत भरा.

वरचा भराव, चिखल, मुरूम संपेपर्यंत केसिंग जाते. आमच्यासारख्या खाजणाच्या कडेच्या भागात चिकण काळा गाळ बराच खोल असतो आणि ठेकेदाराला केसिंग लवकर थांबवायची घाई असते. पक्का खडक लागल्यावर त्यात निदान दोन-तीन फूट केसिंग रुतलीच पाहिजे. साधारण सात इंची केसिंग आणि तिच्यातून पुढे खडकात साडेसहा इंची बोअर, हा नेहमीचा प्रकार. पाइप जाड भिंतीचा आहे ना, हे त्यावरचा छापील दर्जा वाचून बघा.

आता सगळ्यात दुर्लक्षित काम. केसिंग आणि जमीन यांच्यामधल्या पोकळीत सिमेंटचा रस खालून वर भरून घ्यायचा. हे नाही केलं तर गटाराचं आणि पावसाचं घाण पाणी केसिंगच्या बाहेरून सरळ खाली उतरतं, आणि मग वर्षानुवर्षं क्लोरीन टाकत बसा. ठेकेदार म्हणेल, “साहेब, माती आपोआप बसते.” बसते खरी, पण पाणी अडवत नाही.

दर दहा फुटांना चुऱ्याचा नमुना छोट्या पिशवीत भरून खोली लिहून ठेवा. पाणी लागलं की खोली लिहा आणि टीडीएस मीटर लावा. हा मीटर ऑनलाइन स्वस्तात मिळतो आणि त्या दिवशी तुमच्या हातातलं ते एकमेव शस्त्र असतं. कारण संध्याकाळी कोणीतरी म्हणणार, “अजून शंभर फूट घेऊ, पाणी वाढेल.” डोंगराकडच्या भागात, म्हणजे मुलुंड पश्चिम, भांडुपचा वरचा भाग, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यानाकडचं अंग इथे कदाचित वाढेलही. खाडी किंवा समुद्राजवळ खोल जाणं म्हणजे खाऱ्या पाण्याकडे जाणं. खारं पाणी गोड्यापेक्षा थोडंसंच जड असतं, आणि त्या हिशेबाने समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल तर खाली सुमारे चाळीस मीटर गोडं पाणी तगतं. भेगाळ खडकात हा हिशेब काटेकोर लागू होत नाही, पण दिशा बरोबर आहे. पातळी एक मीटरने उतरवलीत की खालून खारं पाणी चाळीस मीटरने वर यायला बघतं. टीडीएस चढायला लागला की मशीन थांबवा. जास्तीचं भोक बुजवायला वेगळा खर्च येतो.

७. पंपिंग टेस्ट झाल्याशिवाय पंप घेऊ नका

गाडीवाला जाताना सांगतो, “दोन इंच पाणी लागलंय.” सगळे खूश. हा इंच म्हणजे मोजपट्टीतल्या काटकोनी व्ही-खाचेवरून (V आकाराच्या खाचेवरून) वाहणाऱ्या पाण्याची उंची. एक इंच म्हणजे ताशी फक्त ५०० लिटरच्या आसपास. दोन इंच म्हणजे सुमारे २,९००. तीन इंच म्हणजे जवळपास ८,०००. इंच दुप्पट झाला की पाणी साडेपाच पटीहून जास्त होतं. त्यामुळे अर्ध्या इंचाची थापही महागात पडते. शिवाय हा आकडा कॉम्प्रेसरने उडवलेल्या पाण्याचा, म्हणजे भेगांत साठलेलं पाणी पहिल्यांदा बाहेर येतानाचा. रोज तेवढं येईलच असं नाही.

म्हणून आधी एअरने पाणी नितळ होईपर्यंत धुऊन घ्या, मग भाड्याचा पंप सोडून टेस्ट करा. सुरुवातीला स्थिर पातळी मोजा. मग एकाच वेगाने किमान आठ तास, जमलं तर चोवीस तास उपसा करा. पहिल्या तासात दर पाच-दहा मिनिटांनी आणि नंतर दर अर्ध्या तासाने पातळी, प्रवाह आणि टीडीएस लिहा. प्रवाह मोजायला दोनशे लिटरचं पिंप आणि मोबाइलचं घड्याळ पुरतं: चार मिनिटांत भरलं तर ताशी ३,००० लिटर. पंप बंद केल्यावर पातळी किती वेळात पूर्ववत होते तेही लिहा. पातळी एका जागी स्थिरावली तर तो वेग बोअरला झेपतो. उतरतच राहिली तर वेग कमी करून पुन्हा टेस्ट.

आणि ही टेस्ट मे महिन्यात करा. ऑगस्टमध्ये मुंबईतला प्रत्येक बोअर यशस्वी असतो.

८. पंप, पाइप, पॅनल

पंपाची ताकद ठरते ती पाणी किती उचलायचं आणि किती उंच, यावर. समजा टेस्टमध्ये पाणी ३५ मीटरवर स्थिरावलं, गच्चीवरची टाकी २४ मीटर उंच, पाइपातल्या घर्षणाचे ५ मीटर. एकूण ६४ मीटर. ताशी २,५०० लिटरसाठी दीड एचपीचा चार इंची सबमर्सिबल (पाण्यात बुडून चालणारा पंप) पुरतो. दुकानदार तीन एचपी सुचवेल. मोठा पंप बोअर लवकर कोरडा करतो, गाळ ओढतो आणि स्वतः जळतो.

पंप तळाला टेकवू नका, निदान दहा-पंधरा फूट वर ठेवा. मोटर थंड राहायला तिच्याजवळून पाणी वाहावं लागतं. पाणी येणारी मुख्य भेग पंपाच्या वर असेल तर पाणी मोटरला न शिवताच पंपात शिरतं. अशा वेळी मोटरला बाहेरून आवरण बसवून घ्या.

सोबत हे हवंच: चौकोनी आट्यांचा यूपीव्हीसी कॉलम पाइप (पंपातून पाणी वर आणणारा), नायलॉनचा जाड दोर किंवा स्टीलची वायर, पाणबंद सांध्यांची चपटी केबल, नॉन-रिटर्न व्हॉल्व (पाणी उलटं येऊ न देणारा), ड्राय-रन संरक्षण असलेला (पाणी संपलं की पंप बंद करणारा) स्टार्टर, पाण्याचा मीटर, नमुना घ्यायला छोटा नळ. आणि पंपाबरोबर खालपर्यंत सोडलेली एक इंची मोकळी नळी, पातळी मोजायला. ही नळी प्लंबर हमखास विसरतो. नंतर पंप वर काढल्याशिवाय ती टाकता येत नाही.

९. पाइपलाइन आणि पाण्याची तपासणी

बोअरची टाकी वेगळी, पाइप वेगळे, रंग वेगळा. पालिकेच्या लाइनशी कुठेही जोड नाही, मधे व्हॉल्व घालूनसुद्धा नाही. “फक्त उन्हाळ्यापुरता” घातलेला व्हॉल्व कधीतरी अर्धवट उघडा राहतो आणि अख्खी इमारत आजारी पडते. जुन्या इमारतीत फ्लशची वेगळी लाइन नसते, तेव्हा बोअरच्या बजेटमध्ये हा प्लंबिंगचा खर्च पहिल्या दिवसापासून धरा. बऱ्याच सोसायट्यांत बोअर तयार आणि पाणी फक्त झाडांना, त्याचं कारण हेच.

पंप बसला की निर्जंतुकीकरण. साडेसहा इंची बोअरमध्ये ५० मीटर पाणी उभं असेल तर ते साधारण १,०७० लिटर. लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीनसाठी २५ टक्क्यांची ब्लीचिंग पावडर सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास लागते. बादलीत कालवून वरचं निवळ पाणी ओता, थोडा वेळ पंप फिरवून ते बोअरमध्येच परत सोडा, रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी वास जाईपर्यंत उपसा, पण ते पाणी झाडांना घालू नका.

त्यानंतर काही दिवसांनी नमुना द्या. एनएबीएल मान्यता असलेली प्रयोगशाळा घ्या, जिवाणूंसाठी निर्जंतुक बाटली तिच्याकडूनच आणा आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. अहवाल आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाशी ताडून बघायचा. आकडे लिटरला मिलिग्रॅममध्ये: टीडीएस ५०० पर्यंत उत्तम, दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत. त्याच धर्तीवर कठीणपणा २०० आणि ६००, क्लोराइड २५० आणि १,०००. नायट्रेट ४५ च्या वर गेलं तर सवलत नाही, आणि मुंबईत वाढलेलं नायट्रेट बहुतेकदा सांडपाण्याकडे बोट दाखवतं. १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय एकही चालत नाही.

पिण्यासाठी वापरायचंच असेल तर एका चांगल्या अहवालावर जाऊ नका. पावसाळ्यानंतर आणि मेअखेर असे निदान दोन हंगामांचे अहवाल हवेत, रोजचं क्लोरिनेशन हवं आणि ते बघणारा माणूस हवा. विक्रेते इथे गोंधळ घालतात: सॉफ्टनर कठीणपणा घालवतो, टीडीएस नाही. टीडीएस आरओ कमी करतो, पण बरंच पाणी टाकून देतो. यूव्ही जंतू मारतो, मीठ तसंच ठेवतो. माझं मत विचाराल तर पिण्याला पालिकेचं पाणी, बाकी सगळं बोअरवर. तेवढ्यानेही टँकर थांबतो.

१०. पावसाचं पाणी परत द्या

तीनशे चौरस मीटरच्या गच्चीवर वर्षाला सव्वादोन मीटर पाऊस पडतो. वीस टक्के वाया गेला तरी पाच लाख लिटरच्या वर. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी सोडून द्या, बाकीचं वाळू-खडीच्या गाळणीतून पुनर्भरण खड्ड्यात सोडा. पार्किंगमधलं तेलकट पाणी बोअरमध्ये कधीच नको. सखल भागात जुलैमध्ये जमीन आधीच तुडुंब भरलेली असते, तिथे पुनर्भरणापेक्षा साठवणीची टाकी जास्त उपयोगी.

महिन्यातून एकदा पातळी, मीटर आणि टीडीएस वहीत लिहायचं काम वॉचमनला लावून द्या. मेमध्ये टीडीएस मागच्या वर्षीपेक्षा बराच चढला तर पंपाचे तास कमी करा.

११. पाणी लागलंच नाही तर

कोरडा बोअर पत्र्याने झाकून पुढच्या कमिटीसाठी ठेवू नका. उघड्या बोअरमध्ये मुलं पडण्याच्या घटनांवरून सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नियम घालून दिलेत. काम चालू असताना फलक आणि कुंपण, चालू बोअरभोवती जमिनीच्या वर आणि खाली ०.३० मीटर असा सिमेंटचा चौथरा, वर वेल्ड केलेलं किंवा बोल्टने आवळलेलं पक्कं झाकण. सोडून दिलेला बोअर तळापासून वरपर्यंत माती, वाळू, दगड-खडी यांनी भरायचा. भरताना फोटो काढा, वॉर्ड ऑफिसला पत्र द्या आणि पोच घ्या. केसिंग काढून घेऊ का, असं ठेकेदार विचारेल. सिमेंट सील झालेली असेल तर ती तशीच राहू द्या, तोंड जमिनीखाली कापून वर काँक्रीट टाका.